भोकर ते भैंसा: वाट्याच्या निधीला कायद्याचे कुंपण कधी?

भोकरहून राष्ट्रीय महामार्ग ६१ पूर्वेकडे निघतो आणि थोड्याच वेळात तेलंगणातल्या भैंशाला पोहोचतो. रस्ता एकच आहे. शेतात तेच कापूस-सोयाबीन आहे आणि दोन्हीकडच्या वस्त्यांत जयभीम म्हणणारी माणसे आहेत. भैंसा आणि मुधोळचा परिसर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी नांदेड जिल्ह्यातच होता. सोयरीक आजही चालते. फरक पडतो तो राज्य सरकारच्या अर्थसंकल्पात. सीमेपलीकडे अनुसूचित जातींच्या वाट्याचा निधी किती, कसा आणि कशावर खर्च करायचा याचा कायदा आहे. सीमेअलीकडे, म्हणजे ज्या राज्यात देशातील सर्वाधिक बौद्ध राहतात त्या महाराष्ट्रात, असा कायदा अजून झालेला नाही. इथे आपला वाटा सरकारच्या परिपत्रकांवर आणि त्या-त्या वर्षीच्या अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर उभा आहे.

हा फरक किती महाग पडतो, हे मे २०२५ मध्ये सर्वांना दिसले. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा एप्रिलचा हप्ता देण्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. दोन्ही मिळून ७४६ कोटी. त्या विभागाचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली आणि विभागाची गरज नसेल तर तो बंदच करा, अशा आशयाचे बोलून दाखवले. ज्या खात्याच्या मंत्र्यालाही आपल्या खात्याचा पैसा राखता येत नाही, तिथे भोकर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरच्या विद्यार्थ्याने कोणाकडे पाहायचे?

हा पैसा कोणाचा, कुठून आला?

आपल्याच लोकांत अनेकांना वाटते की सामाजिक न्याय विभागाचा निधी म्हणजे सरकारने दयेपोटी दिलेले अनुदान. तसे नाही. १९७० च्या दशकाच्या अखेरीस केंद्र सरकारच्या लक्षात आले की पंचवार्षिक योजनांचा पैसा धरणे, रस्ते, वीज यांवर खर्च होतो, पण तो अनुसूचित जातींच्या वस्तीपर्यंत झिरपत नाही. त्या वेळी गृह मंत्रालयात असलेले सनदी अधिकारी पी. एस. कृष्णन यांनी विशेष घटक योजनेची कल्पना मांडली आणि ती राबवण्यासाठी झटले. १९८० मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी मुख्यमंत्र्यांना याविषयी पत्रे लिहिली. तत्त्व साधे होते. राज्याच्या विकास खर्चात अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात हिस्सा बाजूला काढायचा आणि तो त्यांच्याच विकासासाठी वापरायचा. पुढे तिला अनुसूचित जाती उपयोजना म्हणू लागले. योजना आणि योजनेतर खर्च हा भेद २०१७-१८ पासून गेल्यावर नाव पुन्हा बदलले. नाव काहीही असो, तत्त्व तेच राहिले. हा निधी दुसरीकडे वळवू नये आणि तो व्यपगत होऊ देऊ नये, असे नियोजन आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट होते.

म्हणजे हा वाटा हक्काचा आहे. पण सूचना आणि कायदा यांत फरक असतो. सूचना मोडली तर फार तर विरोधी पक्ष गोंधळ घालतो, दोन दिवस बातम्या येतात. कायदा मोडला तर न्यायालयात उभे राहता येते.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण ११.८ टक्के आहे. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत ते सुमारे १९ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीहून बरेच जास्त आहे. म्हणून या निधीला कात्री लागली की तिची धार मराठवाड्याला आधी लागते. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात अनुसूचित जाती घटकासाठी २२ हजार कोटींहून अधिक तरतूद दाखवली गेली आणि ती आदल्या वर्षापेक्षा ४२ टक्के जास्त असल्याचे सभागृहात अभिमानाने सांगितले गेले. वाढ झाली हे खरे आहे. पण वाढलेल्या तरतुदीतूनच लाडक्या बहिणीचा हप्ता जाणार असेल, तर वाढ नेमकी कोणाच्या खात्यावर मांडायची, हा प्रश्न उरतो.

सरकारचे म्हणणे आणि त्याचे उत्तर

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. सरकार म्हणते, लाडकी बहीण योजनेत अनुसूचित जातींच्या महिलाही लाभार्थी आहेत. त्यांच्या हप्त्याचा पैसा अनुसूचित जाती घटकातून दिला तर त्यात वळवण्यासारखे काय आहे? पैसा शेवटी आपल्याच भगिनींच्या खात्यात गेला.

हा युक्तिवाद वरवर पटतो. दरमहा दीड हजार रुपये मिळणाऱ्या आपल्या आया-बहिणींना त्या पैशांची गरज आहे, आणि त्यांच्या हप्त्याला आपला विरोध नाही. पण विचार करा. इतर समाजातील महिलांचा हप्ता राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून जातो. अनुसूचित जातीच्या महिलेचा मात्र तिच्याच मुलाच्या शिष्यवृत्तीच्या, वसतिगृहाच्या आणि घरकुलाच्या पैशातून जातो. ती या राज्याची नागरिक नाही का? सर्वसाधारण तिजोरीत तिच्या कराचा वाटा नाही का? जी योजना सर्वांसाठी आहे तिचा खर्च सर्वांच्या तिजोरीतून झाला पाहिजे. घटक योजनेचा पैसा हा त्यावरचा, मागे पडलेले अंतर भरून काढण्यासाठीचा पैसा आहे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले तर अंतर तेवढेच राहते.

आकडा समजावा म्हणून एक हिशेब करू. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून जिल्ह्याच्या ठिकाणी शिकत असल्यास वर्षाला ४३ हजार रुपये मिळतात. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत ही रक्कम ६० हजार आहे. वळवलेले ४१० कोटी ३० लाख रुपये ४३ हजारांनी भागा. सुमारे ९५ हजार विद्यार्थ्यांच्या एका वर्षाच्या स्वाधारइतका हा पैसा होतो. आणि तो फक्त एका महिन्याच्या हप्त्यासाठी गेला.

भोकरसारख्या ठिकाणी स्वाधारचा अर्थ काय, हे शहरातल्यांना सांगावे लागते. बारावीनंतर नांदेडला खोली करायची, मेस लावायची, रेल्वेने किंवा एसटीने ये-जा करायची, पुस्तके घ्यायची. बाप ऊसतोडीला किंवा हैदराबादला बांधकामावर. स्वाधारचा हप्ता वर्ष संपल्यावर आला तर तोवर सावकार, मावशी किंवा मेसवाला हेच खरे सामाजिक न्याय खाते ठरतात. जो तोवर टिकला नाही तो शिक्षण सोडतो. अर्ज मंजूर झाला, पण विद्यार्थी उरला नाही, अशी ही गोष्ट आहे.

संस्थांचे वसतिगृह आणि मानधनावरची माणसे

या निधीवर दुसराही एक मोठा वर्ग अवलंबून आहे, ज्याची चर्चा कमी होते. राज्यात मागासवर्गीय विद्यार्थ्यांची दोन हजारांहून अधिक अनुदानित वसतिगृहे स्वयंसेवी संस्था चालवतात. तालुक्याच्या गावी, जिथे शासकीय वसतिगृह नाही किंवा अपुरे आहे, तिथे पाचवी ते दहावीची मुले याच वसतिगृहांत राहून शिकली. आजच्या अनेक शिक्षक, तलाठी, वकील मंडळींचा पहिला पत्ता असे एखादे वसतिगृहच होते.

या वसतिगृहांत एका मुलाच्या जेवणखाणासाठी मिळणारे परिपोषण अनुदान दीर्घकाळ महिना ९०० रुपये होते. मग १,५०० झाले आणि २०२३ मध्ये २,२०० करण्याचा निर्णय झाला. २,२०० रुपयांत महिनाभर दोन वेळचे जेवण, नाश्ता, तेल-साबण बसवायचे म्हणजे दिवसाला ७३ रुपये. अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस आणि चौकीदार यांना तर वेतनश्रेणीच नाही, मानधन आहे. चोवीस तास मुलांसोबत राहणारा अधीक्षक आणि पहाटे चूल पेटवणारी स्वयंपाकीण यांना शासकीय वसतिगृहातील कर्मचाऱ्यांसारखे वेतन द्या, ही मागणी घेऊन त्यांच्या संघटना वर्षानुवर्षे आझाद मैदानावर आणि नागपूरला हिवाळी अधिवेशनात बसल्या आहेत. उत्तर ठरलेले असते: आर्थिक भार पेलणार नाही. त्याच वर्षी शेकडो कोटी दुसरीकडे वळवण्याचा भार मात्र पेलतो.

इथे स्वतःलाही प्रश्न विचारला पाहिजे. काही संस्थाचालकांनी वसतिगृहे फक्त कागदावर चालवली, पटावर मुले दाखवून अनुदान उचलले, हे आपल्याला ठाऊक आहे. त्यामुळे सरकारला अनुदान रोखायला निमित्त मिळाले आणि प्रामाणिक संस्थाही भरडल्या. निधी मागणाऱ्या संस्थेने आधी आपला हिशेब वस्तीसमोर ठेवला पाहिजे. हजेरीपट, धान्याची बिले आणि मुलांचे निकाल बुद्ध विहारात कोणालाही पाहता यावेत. ज्याचा हिशेब उघडा आहे, त्याला सरकारकडे हिशेब मागण्याचा अधिकार मिळतो.

मागण्याची परंपरा बाबासाहेबांची आहे

सरकारकडे निधी मागणे म्हणजे लाचारी, आपण स्वबळावर उभे राहिले पाहिजे, असा एक सूर आपल्या चळवळीत आहे. स्वबळ हवेच. पण बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. त्यासाठी लोकवर्गणी गोळा केली, आणि पुढच्या काळात वसतिगृहांसाठी मुंबई सरकारच्या अनुदानाचाही पाठपुरावा केला.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी ऑक्टोबरमध्ये लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. उच्च शिक्षणासाठी निधी मागताना त्यांनी तुलना समोर ठेवली: बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठाला सरकार वर्षाला प्रत्येकी तीन लाख देते, मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणाला का नाही? तीन लाखांची तरतूद मंजूर झाली आणि आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी उच्च शिक्षणासाठी जाता आले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले, ज्यातून मराठवाड्याच्या कितीतरी पिढ्या शिकल्या. बाबासाहेबांच्या मागणीत आकडा, तुलना आणि तत्त्व होते. आपल्या आजच्या निवेदनांत बहुधा फक्त निषेध असतो.

इतरांनी काय केले

निधी वळवणे हा काही महाराष्ट्राचा एकट्याचा आजार नाही. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांसाठी दिल्ली सरकारने अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा वापरला होता. हाऊसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेने माहितीच्या अधिकारात कागद मिळवले, दलित हक्क संघटनांनी ते लावून धरले आणि सुमारे ६७८ कोटी रुपये वळवले गेल्याचे केंद्रीय गृहमंत्र्यांना संसदेत मान्य करावे लागले. काही अर्ज, काही कागद आणि चिकाटी यांतून ते झाले.

आंध्र प्रदेशात तर संस्था-संघटना त्याही पुढे गेल्या. हैदराबादच्या सेंटर फॉर दलित स्टडीजसारख्या संस्था, निवृत्त अधिकारी, डावे पक्ष आणि वेगवेगळ्या गटांच्या दलित-आदिवासी संघटना एका मागणीवर एकत्र आल्या. त्यांनी आधी अनेक वर्षांचा न खर्च झालेला आणि वळवलेला निधी मोजला, मग जिल्ह्याजिल्ह्यांत तो आकडा नेला. डिसेंबर २०१२ मध्ये खास अधिवेशनात विधेयक संमत झाले आणि २०१३ मध्ये कायदा आला. वेगळे झाल्यावर तेलंगणाने २०१७ मध्ये आपला स्वतंत्र विशेष विकास निधी कायदा केला. त्यात वर्षात खर्च न झालेली रक्कम पुढच्या वर्षी भरून देण्याची तरतूद आहे. कर्नाटकानेही २०१३ मध्ये कायदा केला, राजस्थानने २०२२ मध्ये.

मात्र कायदा झाला की सगळे सुटते, असेही नाही. कर्नाटकाच्या कायद्यात कलम ७(डी) अशी फट होती की रस्ते, धरणे अशा सर्वांसाठीच्या कामांचा खर्चही अनुसूचित जातींवरचा खर्च मानता येई. दलित संघटनांच्या दबावाने ते कलम २०२३ मध्ये रद्द झाले. पण त्याच वर्षी तिथल्या सरकारने आपल्या हमी योजनांसाठी उपयोजनेचे सुमारे ११ हजार कोटी रुपये वापरले. युक्तिवाद महाराष्ट्रासारखाच होता: लाभार्थी तुमचेच आहेत. म्हणून महाराष्ट्रात कायदा मागताना त्यात एक वाक्य स्पष्ट लिहिलेले हवे: सर्व नागरिकांसाठी असलेल्या योजनेचा खर्च या निधीतून करता येणार नाही.

आपल्याकडे ही मागणी नवी नाही. निवृत्त सनदी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे आणि त्यांचे संविधान फाउंडेशन वर्षानुवर्षे मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून हा कायदा मागत आहेत. पण एका संस्थेचे पत्र आणि तालुक्यातालुक्यांतून आलेली मागणी यांत फरक असतो. मराठवाड्यातून तो आवाज अजून पुरेसा उठलेला नाही.

जनगणनेचा प्रश्न याला जोडलेला आहे

निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतो, म्हणून मोजणी महत्त्वाची. २०११ मध्ये महाराष्ट्रात ६५ लाख ३१ हजार बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे ५२ लाख. म्हणजे जवळपास १३ लाख बौद्ध अनुसूचित जातींच्या आकड्यात आलेच नाहीत. त्यांत इतर समाजातून आलेलेही काही असतील. पण अनेकांनी धर्म बौद्ध सांगितला आणि जातीच्या रकान्यात काहीच सांगितले नाही किंवा 'बौद्ध' असेच सांगितले, हे आपल्या वस्त्यांत सर्वांना माहीत आहे. हे १३ लाख म्हणजे राज्याच्या लोकसंख्येचा एक टक्क्याहून थोडा जास्त भाग. २२ हजार कोटींचा निधी साधारण १२ टक्क्यांचा धरला तर एक टक्का म्हणजे दरवर्षी सुमारे अठराशे कोटी रुपये.

धम्म स्वीकारल्यावर जात सांगायची नाही, ही भावना प्रामाणिक आहे आणि तिचा आदर आहे. पण १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या त्या जातीच्या नोंदीवरच. येऊ घातलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि तीत सर्वांचीच जात विचारली जाणार आहे. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' आणि जातीच्या रकान्यात प्रमाणपत्रावर असलेली जात, या दोन्ही नोंदी करता येतात. एक आपली ओळख सांगते, दुसरी आपल्या लेकरांचा वाटा राखते. विहाराविहारांत हे समजावून सांगायला हवे.

भोकरमध्ये बसून काय करता येईल?

कायदा मुंबईत होईल, पण हिशेब भोकरमधूनही मागता येतो. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या पुस्तकात अनुसूचित जाती घटकाचा खर्च ७८९ या लघुशीर्षाखाली असतो. कोणत्याही विभागाच्या मागणीत ७८९ शोधला की आपल्या नावावर काय काय टाकले आहे ते दिसते. पदवीधर तरुणांनी दर मार्चमध्ये हे एकदा तरी करावे.

जिल्ह्याच्या पातळीवर जिल्हा नियोजन समितीचा आराखडा हिवाळ्यात तयार होतो. मागणी द्यायची ती तेव्हा. एप्रिलमध्ये दिलेले निवेदन फक्त फोटोपुरते उरते. जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातील २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ग्रामसभेत उभे राहून विचारा, गेल्या तीन वर्षांत ती कशावर खर्च झाली? वस्ती विकासाचा रस्ता खरेच वस्तीत झाला की सरपंचाच्या शेताकडे गेला? उत्तर मिळाले नाही तर माहितीचा अधिकार आहे. पंचायत समिती भोकरला आहे, समाज कल्याणचे सहायक आयुक्त नांदेडला आणि प्रादेशिक उपायुक्तांचे कार्यालय लातूरला. तिन्ही ठिकाणी एकाच आठवड्यात एकसारखा अर्ज गेला की दखल घ्यावी लागते.

हे काम अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने एकटीने करू नये, कारण तिला अनुदान अडवण्याची भीती दाखवता येते. ज्यांचे पोट त्या अनुदानावर नाही अशा निवृत्त शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी, वकिलांनी आणि महिला मंडळांनी पुढे यावे. मांग, चांभार, महार, बौद्ध असा भेद इथे परवडणारा नाही. निधी सर्वांचा एकच आहे आणि वळवणारे तो जात पाहून वळवत नाहीत. आदिवासी बांधवांचे ३३५ कोटी त्याच दिवशी गेले, म्हणून तेही या मागणीत बरोबरीचे साथी आहेत.

दरवर्षी जानेवारीत नांदेड जिल्ह्यातल्या बावरीनगर, दाभडच्या धम्म परिषदेला लाखो उपासक-उपासिका जमतात. तिथे एक ठराव, एक सही-मोहीम आणि भोकर, देगलूर, उदगीरसह प्रत्येक मतदारसंघाच्या आमदाराला एकच प्रश्न असे झाले तर हा विषय विधानसभेत जाईल: अनुसूचित जाती-जमाती निधीच्या कायद्याला तुमचा पाठिंबा आहे की नाही, लेखी सांगा.

रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, भैंशात, आपल्याच जुन्या जिल्ह्यातल्या माणसांना हा कायदा मिळाला आहे. तोही कोणी आपणहून दिला नाही. त्यांनी मोजला, मागितला, लावून धरला. आपल्यालाही तेच करावे लागेल.

जयभीम! नमो बुद्धाय!